कच्ची कैद आणि जामीन

जळगांव जिल्ह्यांतील धरणगांव हें गांव सुशिक्षित मराठी माणसाला ठाऊक असतें तें बहुधा बालकवींचें जन्मस्थान म्हणून. त्यापूर्वींच्या इतिहासांतहि त्या गांवाचें नांव आहे. १६७४ सालीं इंग्रजांनीं येथें कापडाच्या व्यापाराकरितां वखार घातली, आणि पुढील पांच वर्षांत मराठ्यांच्या फौजा गांवावर दोनदां येऊन गेल्या. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें धरणगांवची जी आठवण महत्त्वाची आहे ती त्यानंतर दीडशें वर्षांनीं घडलेली आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली व खानदेश कंपनी सरकारच्या हातीं आला. सातपुडा व सातमाळा या डोंगरांतील भिल्ल नाईक नव्या सरकारला जुमानीत नव्हते. सात वर्षें फौजा पाठविल्या, नाइकांना पकडलें, कैदेंत टाकलें. पण बंडाळी कांहीं मिटेना. अखेर १८२५ सालीं जेम्स औट्रम नांवाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाला भिल्लांचीच पलटण उभारण्याचें काम सांगण्यांत आलें, आणि त्या पलटणीचें ठाणें धरणगांवास झालें.

औट्रमनेंहि आरंभीं शस्त्रच चालविलें आणि माणसें पकडलीं. परंतु पलटणीचा पाया कसा घातला गेला याविषयीं त्यानें जें लिहून ठेविलें आहे तें लक्षांत घेण्यासारखें आहे. पकडलेल्या माणसांपैकीं कांहींना त्यानें सोडून दिलें, व मागें राहिलेल्यांच्या नातेवाइकांना घेऊन आलांत तर सर्वांनाच मोकळें करूं असें वचन दिलें. या सोडलेल्या माणसांच्या द्वारें नाइकांशीं बोलणें सुरू झालें. मग तो एकटाच त्यांच्या जंगलांत गेला, त्यांना भरपूर ब्रँडी पाजली, त्यांच्यामध्यें पहाऱ्यावांचून राहिला. आणि पांच धाडसी माणसें त्याच्याबरोबर यावयास तयार झालीं. त्या पांचांतून पुढें खानदेश भिल्ल कोअर उभी राहिली.

या हकीकतींत ना कायदा आहे, ना कोर्ट. तरीहि जामीनकीचें सारें तत्त्व तींत आहे. माणूस हातीं असतां त्याला सोडावयाचें. तो परत येईल असा विश्वास धरावयाचा. आणि त्या विश्वासाला आधार म्हणून त्याच्या गोताकडे पाहावयाचें. आणखीहि एक गोष्ट तींत आहे. त्या काळीं मादक द्रव्य हें सरकारच्या दृष्टीनें भयंकर पाप नव्हतें. तें सरकारी अधिकाऱ्याच्या हातचें एक साधन होतें. पुढील दोनशें वर्षांत या दोन्ही गोष्टी पालटल्या. जामीन हा विश्वासाचा विषय होता, तो कागदपत्रांचा झाला. आणि मादक पदार्थ बाळगणें हा असा गुन्हा ठरला कीं त्यांत जामीन मिळणें हाच अपवाद झाला. हा पालट कसा घडला, आणि खटला वर्षानुवर्षें रखडला असतां आरोपीचें काय व्हावें, हा प्रश्न आजहि सुटलेला नाहीं.

‘जामीन’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ हमी घेणारा माणूस. मराठींत आज आपण “जामीन मिळाला” असें म्हणतों, म्हणजे कोर्टाचा हुकूम मिळाला असा अर्थ घेतों. परंतु “अमका तमक्याला जामीन राहिला” या बोलण्यांत शब्दाचा जुना अर्थ टिकून आहे. जुन्या मराठी दप्तरांत जामिनांचे प्रकार निरनिराळे आहेत. बोलावतांच माणसाला हजर करीन अशी हमी घेणारा तो हाजिरजामीन. देणें बुडालें तर भरून देईन म्हणणारा तो मालजामीन. आणि याची वर्तणूक नीट राहील असें सांगून त्याची जबाबदारी पत्करणारा तो फेलजामीन. या हमीचा जो लेख होई त्याला जामीनकतबा म्हणत. तिन्हींचें काम वेगळें, तिन्हींची जोखीम वेगळी. आरोपीला खटल्यापूर्वीं सोडावयाचें असलें म्हणजे खरी गरज असते ती हाजिरजामिनाची. तो गुन्हेगार आहे कीं नाहीं हें पुढें ठरावयाचें असतें; आज एवढेंच पाहावयाचें कीं ठरविण्याच्या दिवशीं तो हजर राहील कीं नाहीं.

इंग्रजी अंमलांत १८६१ सालीं फौजदारी व्यवहाराचा कायदा झाला, आणि अनेक दुरुस्त्यांनंतर १८९८ चा कायदा आला, तो पुढें पाऊणशें वर्षें चालला. त्यानें गुन्ह्यांचे दोन वर्ग केले: ज्यांत जामीन हा आरोपीचा हक्कच आहे असे, आणि ज्यांत तो देणें न देणें कोर्टाच्या हातीं आहे असे. दुसऱ्या वर्गांतहि कनिष्ठ कोर्टाला अडविणारी अट एकच होती. मरणाच्या किंवा जन्मठेप काळ्या पाण्याच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा आरोपीनें केला असावा असें मानण्यास वाजवी कारण दिसलें, तर त्याला सोडूं नये. ही अट ध्यानांत ठेवावी. कारण पुढें नव्वद वर्षांनीं हेच शब्द उलट फिरविले गेले.

महाराष्ट्रांत जामीन हा शब्द घरोघर पोंचला तो लोकमान्य टिळकांच्या खटल्यांनीं. १८९७ च्या जुलईंत राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना पकडलें, आणि आरंभीं त्यांना जामीन नाकारण्यांत आला. मग ऑगस्टच्या आरंभीं न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें अर्ज आला. आरोपी खटल्याच्या वेळीं हजर राहील कीं नाहीं हा या बाबतींतला मुख्य प्रश्न, अशी दृष्टि ठेवून तय्यबजींनीं टिळकांना जामिनावर सोडलें. त्या अर्जावर टिळकांच्या बाजूनें बोलले होते बॅरिस्टर दिनशा दावर. अकरा वर्षांनीं, १९०८ सालीं, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळीं दावर हे न्यायासनावर होते, आणि जामिनाचा अर्ज मांडीत होते महंमदअल्ली जीना. दावरांनीं जामीन नाकारला. वकील म्हणून ज्यानें जामीन मागितला त्यानेंच न्यायाधीश म्हणून तो नाकारला, हें आश्चर्य महाराष्ट्रांत पुष्कळ दिवस बोललें जात होतें.

तथापि त्या खटल्यांतील दुसरी एक गोष्ट तितकीच बोधप्रद आहे. टिळकांना २४ जून १९०८ रोजीं पकडलें, आणि २२ जुलईला निकाल लागून सहा वर्षांची शिक्षा झाली. न्याय झाला कीं अन्याय झाला हा भाग निराळा. पण जें कांहीं झालें तें एका महिन्याच्या आंत झालें. जामीन नाकारल्यानें टिळकांची जी कच्ची कैद झाली ती चार आठवड्यांची. म्हणजे जामीन नाकारण्याचें खरें दुःख केवळ नाकारण्यांत नसतें. खटला किती काळ चालणार यावर तें अवलंबून असतें. खटला महिन्याभरांत संपणार असेल तर जामिनाचा हुकूम ही गैरसोयीची बाब ठरते. तो पांच वर्षें चालणार असेल तर तोच हुकूम शिक्षेच्या निकालासारखा होतो.

ही गोष्ट मीरतच्या खटल्यानें स्पष्ट केली. १९२९ च्या मार्चांत कामगार चळवळीच्या पुढाऱ्यांना देशभर पकडून मीरतला नेण्यांत आलें. त्यांत मुंबईचे श्रीपाद अमृत डांगे, शां. स. मिरजकर, स. वि. घाटे, के. नी. जोगळेकर असे अनेक मराठी होते. खटल्याचा निकाल लागला तो १६ जानेवारी १९३३ रोजीं, म्हणजे जवळ जवळ चार वर्षांनीं. मुंबईचे कामगार पुढारी, खटला उत्तरेंत, कागदपत्रांचे ढीग, आणि आरोपी तुरुंगांत. या खटल्यांतील जामिनाचे अर्ज अलाहाबाद हायकोर्टापुढें गेले, आणि १९३१ सालीं न्यायमूर्ति मुकर्जी यांनीं हचिन्सन या इंग्रज आरोपीच्या अर्जावर जें तत्त्व सांगितलें तें आजहि कोर्टांत उद्धृत होतें: जामीन देणें हा नियम व नाकारणें हा अपवाद, कारण मोकळ्या माणसाला आपल्या बचावाची तयारी बंदिस्त माणसापेक्षां चांगली करतां येते. जोगळेकरांच्या अर्जावरून, हायकोर्टाचा जामिनाचा अधिकार खालच्या कोर्टावरील निर्बंधांनीं बांधलेला नाहीं, असेंहि ठरलें. राजाविरुद्ध कट हा त्या काळचा सर्वांत भयंकर आरोप. त्या आरोपांतहि परक्या सरकारच्या न्यायाधीशाला असें म्हणतां आलें, हें ध्यानांत ठेवून आतां मादक पदार्थांच्या कायद्याकडे वळावें.

अफूच्या बाबतींत कंपनी सरकार हें आरंभीं व्यापारीच होतें. बिहारची अफू सरकारी मक्त्याची. माळव्याची अफू संस्थानी मुलखांतली, ती खानदेशांतून मुंबईकडे उतरे व परवान्याचा कर भरून चीनला जाई. त्यामुळें १८५७ व १८७८ चे अफूचे कायदे हे मुख्यतः मक्त्याचे व कराचे रक्षण करणारे होते. १८७८ च्या कायद्यांत चोरट्या अफूबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. गांजाची गोष्ट तशीच. खानदेशाच्या लगत निमाड जिल्ह्यांत खांडव्याला परवान्यानें गांजा पिकत असे. १८९३ सालीं सरकारनें गांजा, चरस व भांग यांच्या चौकशीसाठीं एक मोठें कमिशन नेमलें. त्यानें हजारांवर साक्षी घेऊन सात भागांचा अहवाल दिला, आणि अखेर सांगितलें कीं बेतानें सेवन केल्यास फारशी हानि दिसत नाहीं, सर्वस्वीं बंदी करूं नये, कर व परवाने यांनीं आळा घालावा. १९३० सालीं घातक औषधी द्रव्यांचा कायदा झाला. तोहि पुढील काळाच्या मानानें सौम्यच होता. १९८५ सालीं तो रद्द होतांना त्याखालची कमाल शिक्षा तीन वर्षें व दुसऱ्या गुन्ह्यास चार वर्षें एवढीच होती.

मग १९८५ सालीं एकाएकीं इतकी कडकाई कां आली? कारण काळ पालटला होता. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचें बंधन भारतानें पत्करलें होतें. अफगाणिस्तान, पाकिस्तान व इराण या पट्ट्यांतून हेरॉइन पश्चिमेकडे जाऊं लागलें होतें, आणि मुंबई हें त्याच्या वाटेवरचें मोठें बंदर झालें होतें. वाटेवरच्या गांवांत कांहीं माल सांडतोच. मुंबई–पुण्याच्या गल्ल्यांतून ‘गर्द’ हा शब्द ऐकूं येऊं लागला. शाळा-कॉलेजांतलीं मुलें, गिरण्यांतले तरुण त्याच्या नादीं लागले. डॉ. अनिल अवचट यांनीं ‘गर्द’ याच नांवानें त्या विनाशाचें वर्णन लिहिलें, आणि १९८६ सालीं त्यांनीं व डॉ. सुनंदा अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें पुण्यास मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. ज्यांच्या घरांत हें विष शिरलें त्या आईबापांना विक्रेत्याविषयीं दया वाटली नाहीं तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. कायदा कडक झाला तो या संतापाच्या वातावरणांत.

गुंगीकारक औषधी द्रव्यें आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलांत आला. अनेक गुन्ह्यांना त्यानें कमींत कमी दहा वर्षें सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड ठेवला. परंतु जामिनाविषयीं विशेष निर्बंध त्या मूळ कायद्यांत नव्हता. तो आला दुरुस्तीनें, २९ मे १९८९ पासून. कलम ३७ असें सांगूं लागलें कीं पांच वर्षें किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत सरकारी वकिलाला विरोधाची संधि दिल्यावांचून जामीन देऊं नये. आणि त्यानें विरोध केला, तर आरोपी दोषी नाहीं असें मानण्यास वाजवी कारण आहे, व सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाहीं, अशी कोर्टाची खात्री पटली तरच जामीन द्यावा. १८९८ चा कायदा म्हणे: दोषी असावा असें वाजवी कारण दिसलें तर सोडूं नका. १९८९ ची दुरुस्ती म्हणते: दोषी नसावा असें वाजवी कारण दिसलें तरच सोडा. शब्द तेच, परंतु संशयाचा फायदा या काठावरून त्या काठावर गेला. शिवाय साक्षीपुराव्यापूर्वींच कोर्टानें आरोपीच्या निर्दोषपणाविषयीं मत बनवावें अशी ही अट आहे. जुन्या भाषेंत बोलावयाचें तर हाजिरजामीन पुरेसा राहिला नाहीं. कोर्टानें स्वतःच आरोपीला फेलजामीन राहावें अशी अपेक्षा झाली.

मात्र कायदा करणाऱ्यांनीं या कडकाईबरोबर एक तोलहि योजिला होता. त्याच दुरुस्तीनें असे खटले त्वरित चालविण्यासाठीं खास न्यायालयांची तरतूद केली. जामीन अवघड, पण खटला जलद, असा तो व्यवहार होता. यांतला पहिला भाग लगेच अंमलांत आला. दुसरा मागें राहिला. मुंबईंत पहिल्या दोन खास न्यायालयांसाठीं अधिसूचना निघाली ती ४ जानेवारी १९९१ रोजीं, आणि दुसरी आवश्यक अधिसूचना निघाली ६ एप्रिलला; म्हणजे दुरुस्ती लागू झाल्यावर जवळ जवळ दोन वर्षांनीं. न्यायालयें अपुरीं, न्यायाधीशांच्या नेमणुका उशिरा. खटले सांचत गेले, आणि जामिनाचें दार लोटलेलें असल्यानें आरोपी आंतच राहिले.

या कच्च्या कैद्यांच्या वतीनें सर्वोच्च न्यायालयाच्या कायदेविषयक साहाय्य समितीनें अर्ज केला. त्याचा निकाल ७ ऑक्टोबर १९९४ रोजीं न्यायमूर्ति अहमदी यांनीं दिला. मुंबईंत खास न्यायालयें स्थापण्यांत झालेल्या दिरंगाईचा इतिहास त्या निकालपत्रांत तारीखवार मांडलेला आहे. न्यायालयानें कलम ३७ रद्द केलें नाहीं. परंतु कायद्याचा चांगला हेतु सरकारच्या दिरंगाईनें निष्फळ झाला असेल तर त्याचा भार कैद्यानें कां सोसावा, असा प्रश्न त्यानें केला; आणि त्वरित खटला हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीवित व स्वातंत्र्य यांच्या हक्काचाच भाग आहे, हें पूर्वींच्या निकालांतलें तत्त्व पुन्हा सांगितलें. मग त्यानें मोजमाप ठरवून दिलें. गुन्ह्याची शिक्षा पांच वर्षांपर्यंत असेल, किंवा पांचांहून अधिक असेल, तर शिक्षेच्या निम्म्या मुदतीइतकी कैद भोगलेल्या आरोपीला सोडावें. किमान दहा वर्षांची शिक्षा असेल तर पांच वर्षें झाल्यावर एक लाखाच्या व तितक्याच रकमेच्या दोन जामीनदारांच्या हमीवर सोडावें. पासपोर्ट जमा करावा, ठाण्यावर नेमानें हजेरी द्यावी, परवानगीवांचून हद्द सोडूं नये. मरणाच्या शिक्षेपर्यंत जाणाऱ्या किंवा पुन्हा केलेल्या गुन्ह्यांतील आरोपींना हा लाभ नाहीं.

हा निकाल फार मोठा. पण तो एकवेळचा उपाय आहे असें न्यायालयानें त्यांतच म्हटलें होतें. सांचलेलें पाणी काढून दिलें. झरा बंद झाला नाहीं. पुढें २ ऑक्टोबर २००१ पासून कायद्यांत मालाच्या वजनाप्रमाणें पायऱ्या पडल्या. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी. हेरॉइन पांच ग्रॅमपर्यंत अल्प, अडीचशें ग्रॅमच्या वर व्यापारी. कलम ३७ ची कडक अट मुख्यतः व्यापारी वजनापुरती राहिली. त्या मानानें हलक्या गुन्ह्यांतल्या माणसांना दिलासा मिळाला. परंतु व्यापारी वजनाच्या खटल्यांत दोषारोप ठेवण्यासच एकशें ऐंशी दिवसांची मुदत आहे, आणि सरकारी वकिलाच्या अहवालावरून ती एक वर्षापर्यंत वाढूं शकते. खटला त्यानंतर. त्यांत पंच आठवणीनें सांपडावा लागतो, बदलून गेलेला अंमलदार दुसऱ्या जिल्ह्यांतून यावा लागतो, प्रयोगशाळेचा अहवाल यावा लागतो. प्रत्येकाची तारीख चुकली कीं तहकुबी.

२०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा खटल्यांच्या दिरंगाईबद्दल सविस्तर सूचना दिल्या. त्या ज्या प्रकरणांत दिल्या त्यांतला आरोपी खटल्याची वाट पाहत बारा वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत राहिला होता. दरम्यान २००६ पासून फौजदारी कायद्यांत नवें कलम आलें कीं कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत कच्च्या कैदेंत गेली तर सामान्यतः आरोपीला सोडावें. १ जुलई २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरी सुरक्षा संहितेंत पहिल्याच गुन्ह्याच्या आरोपीसाठीं ती मुदत एकतृतीयांशावर आली. मार्च २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या एका प्रकरणांत स्पष्ट केलें कीं हें निम्म्या मुदतीचें तत्त्व मादक पदार्थांच्या खटल्यांनाहि लागू आहे, आणि अवाजवी दिरंगाई झाली असतां कलम ३७ जामिनाच्या आड येत नाहीं. परंतु डिसेंबर २०२४ मध्यें त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानें बजावलें कीं या कायद्यांत जामीन नाकारणें हा नियम व देणें हा अपवाद आहे. १९३१ चें वाक्य येथें बरोबर उलटें होऊन उभें आहे. दोन्ही वचनें एकाच देशाच्या कायद्यांत नांदत आहेत, आणि खालच्या न्यायाधीशाला दोहोंच्या मधून वाट काढावी लागते.

हें सारें मुंबई-दिल्लीचें झालें. खानदेशांत त्याचें रूप काय? मुंबई–आग्रा रस्ता धुळ्यावरून शिरपुराकडे जातो, सुरत–नागपूर रस्ता धुळें, एरंडोल, जळगांव असा जातो. चोरट्या मालाला वाटा तयार आहेत. शिरपूर तालुक्याच्या सातपुड्याकडील पट्ट्यांत कपाशीच्या व तुरीच्या ओळींत लपविलेलीं गांजाचीं झाडें पोलिसांनीं उपटून नेल्याच्या बातम्या वारंवार येतात. येथें वजनाचा प्रश्न मोठा होतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणें गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. शेंड्यांवेगळें बीं व पानें त्यांत धरीत नाहींत. परंतु मूळ, खोड, पानें यांसकट ओलीं झाडें कांट्यावर चढविलीं तर वीस किलोचा आंकडा कितीसा लांब? त्या आंकड्याच्या अलीकडे सामान्य जामीन, पलीकडे कलम ३७. मुंबई उच्च न्यायालयापुढें हा वाद अनेकदां आला आहे. पंचनाम्याच्या एका ओळींत कोणाचीं किती वर्षें गुंतलेलीं असतात तें यावरून दिसेल.

आणि जामीन मंजूर झाला म्हणजे सुटका झाली असेंहि नाहीं. जामीनदार आणावयाचा तर त्याचा सातबारा उतारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. डोंगरांतल्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाची शेती पुष्कळदां वनजमिनीवर. उतारा कोठून आणावयाचा? १९७८ सालीं मध्यप्रदेशांतील एका गवंड्याच्या प्रकरणांत खालच्या कोर्टानें दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची हमी, तो दुसऱ्या जिल्ह्यांतला म्हणून, नाकारली होती. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं ही पद्धत चुकीची ठरविली, व गरिबाला न पेलणारी रक्कम मागणें म्हणजे जामीन नाकारणेंच होय असें दाखवून दिलें. जानेवारी २०२३ पासून, जामीन मिळूनहि सात दिवसांत न सुटलेल्या कैद्याची खबर तुरुंगाधिकाऱ्यानें जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाला द्यावी असाहि हुकूम आहे. पंचेचाळीस वर्षांनीं तोच हुकूम पुन्हा काढावा लागतो, यावरून रोग किती जुना आहे तें कळतें.

या वादांत दोन्ही बाजूंचें म्हणणें खरें आहे. मालाचा खरा धनी पैसेवाला असतो. तो जामिनावर सुटला तर देश सोडून जातो, साक्षीदार फोडतो, धंदा पुन्हा मांडतो. कलम ३७ त्याच्यासाठीं आहे. परंतु तुरुंगांत वाट पाहत बसतो तो पुष्कळदां मालाचा धनी नव्हे. तो गाडीचा क्लीनर असतो, शेत राखणारा सालदार असतो, चार पैशांसाठीं पोतें पोंचविणारा पोरगा असतो. पांच वर्षांनीं तो निर्दोष सुटला तर ती वर्षें त्याला कोण परत देणार? आणि तो दोषी ठरला, तर शिक्षा आधीं व निवाडा मागून, असा उलटा क्रम झाला. जनतेच्या दृष्टीनेंहि दिरंगाई लाभाची नाहीं. पांच वर्षांनंतर पंचाला पिशवीचा रंग आठवत नाहीं, मुद्देमालाचें मोहोरबंद पाकीट जीर्ण होतें, आणि ज्याला खरोखर शिक्षा व्हावी तोहि त्या फटींतून निसटतो. जलद खटला ही आरोपीवरची मेहेरबानी नाहीं. ज्या आईबापांचीं मुलें या विषानें गेलीं त्यांचाहि तो हक्क आहे.

१९०८ सालीं जामीन मिळाला नाहीं, पण निकाल महिन्यांत लागला. १९३१ सालीं निकाल लांबला, तेव्हां जामीन हा नियम आहे असें न्यायाधीशानें सांगितलें. १९८९ नंतर मात्र जामीनहि नाहीं आणि निकालहि नाहीं, असा तिसराच प्रकार रूढ झाला; आणि १९९४ चा निकाल त्या प्रकाराविरुद्ध दिलेली ताकीद आहे. राज्याला जामीन नाकारावयाचा असेल तर त्यानें न्यायाधीश नेमावेत, प्रयोगशाळा चालवाव्यात, साक्षीदार वेळेवर उभे करावेत. एवढें त्याच्यानें होत नसेल, तर त्यानें दार उघडावें. धरणगांवच्या त्या तरुण लेफ्टनंटाच्या हातीं ना दोषारोपपत्र होतें, ना सातबारा. हातीं असलेल्या माणसाला वाजवी मुदतीहून अधिक काळ नुसतें बसवून ठेवण्यांत कोणाचेंच हित नाहीं, एवढें मात्र त्याला कळलें होतें.